भाताच्या हंगामासाठी भरवशाची माणसे

लावणीची माणसे शोधायला पाऊस लागल्यावर निघू नये, कारण तरवा (लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपे) साधारण 21 ते 25 दिवसांचा झाला की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हात हवे असतात. तुम्ही शेती यंदाच हाती घेतली आहे, तेव्हा वैशाखातच वाडीवर जाऊन एखाद्या कर्त्या बाईशी बोलावे. लावणीचा गट बहुधा बायकांचाच असतो आणि तिने शब्द दिला की बाकीच्या सहसा तो मोडत नाहीत. मजुरी, चहा, दुपारचे जेवण आणि ने-आण हे तेव्हाच ठरवून घ्यावे. पहिल्या वर्षी मी सगळी उचल एका मुकादमाच्या हाती दिली आणि चिखलणी झालेली खाचरे चार दिवस तशीच पडून राहिली. तेव्हापासून उचल थोडी आणि थेट मजुराच्याच हाती देतो.

उंचावरच्या खाचरांत हळवे (लवकर पिकणारे) आणि पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरांत गरवे (उशिरा पिकणारे) भात घेतले, तर कापणी एकदम अंगावर येत नाही. मात्र रायगडकडे कातकरी वाडीवर भिस्त असेल, तर दिवाळीनंतर बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, हे गरवे पेरतानाच ध्यानात घ्यावे.

गावात सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची रीत, टिकून असेल, तर तिच्यात स्वतः उतरावे. चिखलात वाकून तुम्ही रोप कसे टोचता, हे लोक पाहतात (मुंबईहून परतलेल्याकडे जरा जास्तच). संध्याकाळी पाय धुऊन माणसे पडवीत आली की त्या दिवसाचा हिशेब तिथेच चुकता करावा.