एजन्सीमार्फत प्रोग्रामर घेताना

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. स्टॉक आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर सांभाळायला प्रोग्रामर हवा. पुण्याची एक एजन्सी वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के मागते. दुसरी म्हणते, माणूस आमच्या पगारपत्रकावर राहील, तुम्ही दरमहा बिल भरा. काय परवडेल?
– एक उद्योजक, सांगली

उत्तर : ८.३३ टक्के म्हणजे बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. ६ लाखांच्या पॅकेजवर फी सुमारे ५० हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९ हजार. नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर कराचं क्रेडिट मिळतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांची, कमी दराची) असाल तर विसरा.

टक्केवारीवर घासाघीस करण्यापेक्षा अटी नीट वाचा. टक्केवारी पूर्ण पॅकेजवर की फक्त ठरलेल्या पगारावर? फी ऑफर स्वीकारल्यावर देय की रुजू झाल्यावर? रुजू झाल्यावरच द्या. माणूस ६० किंवा ९० दिवसांत सोडून गेला तर बदली देऊ, असं बहुतेक एजन्सी लिहितात. पण बिल वेळेत भरलं नसेल तर ही हमी रद्द, असंही बारीक अक्षरात असतं. शिवाय बदली माणूस कधी देणार याला तारीख नसते. ‘३० दिवसांत बदली, नाहीतर राहिलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत’ एवढं लिहून घ्या.

दरमहा बिलाचा पर्याय सहा महिन्यांच्या कामाला ठीक, उदाहरणार्थ जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायला. त्या बिलात पगार, मालकाचा पीएफ, विमा आणि एजन्सीचा नफा असतो, फोड मागा. बिलासोबत पीएफचं चलन आणि ईसीआर (कोणाच्या नावे किती पीएफ भरला, याचं विवरण) घ्या, त्यात त्या माणसाचं नाव आहे का ते बघा. एजन्सीने पीएफ भरला नाही तर वसुली तुमच्यापर्यंत येऊ शकते. तुमचं काम मात्र रोजचं आहे. त्याला माणूस स्वतःच्याच पगारपत्रकावर हवा.

सांगलीची खरी अडचण वेगळीच. पुण्याची एजन्सी ढिगाने बायोडेटा पाठवते, त्यातले बरेच जण इकडे येणारच नसतात. घर मिरज, तासगाव, पलूस भागात असलेले आणि परत यायला तयार असलेलेच द्या, असं सांगा. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचे, कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचे माजी विद्यार्थी स्वतःही गाठता येतात, तिथे फी लागत नाही. नोटीस बहुधा ६० ते ९० दिवसांची असते आणि तेवढ्यात तुमची ऑफर दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेणारे कमी नाहीत. राजीनामा स्वीकारल्याचा मेल मागा, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला लगेच नकार कळवू नका.

प्रश्न : व्हिडिओवर मुलाखत उत्तम झाली. रुजू झालेल्याला साधी क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) लिहिता येईना. असं कसं?
– एक वाचक, कराड

उत्तर : मुलाखतीला दुसराच बसला असेल, किंवा कोणी पडद्याआडून उत्तरं पुरवत असेल. कॅमेऱ्यासमोर ओळखपत्र दाखवायला लावा आणि शेवटची फेरी समोरासमोर घ्या; येण्याजाण्याचं भाडं द्या, वाया जात नाही.

पाठांतराचे प्रश्न नकोत. आवक आणि जावक अशी दोन टेबलं द्या, प्रत्येक आयटमची शिल्लक काढायला सांगा, अर्धा तास द्या. इनर जॉइन (दोन्ही टेबलांत असलेल्याच नोंदी जोडणं) लावला की एकही जावक नसलेले आयटम यादीतून गळतात. बेरीज करण्याआधीच टेबलं जोडली तर एका आवकेसमोर तीन जावक असल्यास आवक तिप्पट दिसते. काम केलेला माणूस आधी दोन्हींकडची बेरीज वेगवेगळी करतो, मग लेफ्ट जॉइनने (पहिल्या टेबलातली प्रत्येक नोंद राखून) जोडतो. चुकला तरी हरकत नाही. आकडा फुगलाय हे त्याच्या लक्षात येतं का, ते बघा. ही चाचणी एजन्सीवर सोपवू नका. तिची फी माणूस रुजू होण्यावर मिळते, तो कसा निघतो यावर नाही.

प्रश्न : एजन्सीच्या माणसाने लिहिलेला कोड कोणाचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : करारात काही लिहिलं नसेल तर बहुधा तुमचा नाही. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा, असं कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं, आणि इथे नोकरी देणारी एजन्सी आहे. त्यामुळे एजन्सीकडून हक्क तुमच्या नावे लेखी, सहीनिशी घ्यावे लागतात. कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांपुरतेच धरले जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द करारात घाला. गिटचं (जिथे कोड साठवतात) आणि सर्व्हरचं खातं पहिल्या दिवसापासून कंपनीच्या ईमेलवर उघडा. करार पक्का असला तरी पासवर्ड त्या माणसाकडेच राहिला तर काम अडतंच.