नव्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून लिनक्स मिंट टाकता येईल का? वॉरंटीचं काय?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप नुकताच घेतलाय, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, सोबत विंडोज ११ होम आणि ऑफिस. तुम्हाला मिंट (लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) हवंय, पण वडिलांना हिशेबाचं टॅली लागतं आणि बहीण सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या संगणक-टायपिंग परीक्षेची तयारी करतेय. दुकानदार एकीकडे ‘वॉरंटी जाईल’ म्हणतो आणि दुसरीकडे थोड्या पैशांत ‘विंडोज प्रो टाकून देतो’ म्हणतो.

माझं मत स्पष्ट आहे: विंडोज काढू नका, शेजारी मिंट टाका. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. लिनक्सवर ते खटपट करून उघडता येतं म्हणतात, पण घरच्या हिशेबाच्या डेटाशी असले प्रयोग नकोत. जागेचीही अडचण नाही.

‘प्रो’ला मात्र ठाम नकार द्या. तुमच्या विंडोज होमची किल्ली (प्रॉडक्ट की) मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलेली असते, म्हणून उद्या सगळं पुसून होम पुन्हा टाकलं तरी ते किल्ली विचारत नाही, नेट मिळालं की आपोआप सक्रिय होतं. दुकानातलं स्वस्त प्रो बहुधा ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय सक्रिय करणारं चोरटं साधन) चालवून सक्रिय केलेलं असतं, आणि असली साधनं आधी विंडोजचा डिफेंडर अँटिव्हायरस बंद करायला लावतात. टाकून घेतलंच असेल तर तपासणी सोपी आहे: विंडोज कळ आणि आर दाबून उघडणाऱ्या ‘रन’मध्ये एसएलएमजीआर, एक स्पेस, तिरकी रेघ आणि डीएलआय असं लिहा (slmgr /dli). येणाऱ्या चौकटीत ‘ओईएम डीएम’ दिसलं तर ते मशीनबरोबर आलेलं आहे. घरच्या मशीनवर ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ (कंपन्यांसाठीचा घाऊक परवाना) दिसलं तर तो परवाना तुमचा नाही. प्रोमध्ये जादा मिळतं ते बहुतेक ऑफिसच्या नेटवर्कसाठीचं. घरी त्याचा उपयोग जवळपास शून्य.

वॉरंटी हार्डवेअरची असते. दुसरी सिस्टिम टाकल्याने कीबोर्ड किंवा स्क्रीनची वॉरंटी सहसा जात नाही, तरी कार्डावरच्या अटी एकदा वाचा. सर्व्हिस सेंटरवाले तपासणी विंडोजवर करतात, म्हणूनही विंडोज शाबूत असलेलं बरं.

मिंट टाकायला अर्धा तास पुरतो. खरं काम त्याआधीचं आहे, आणि लोक नेमकं तेच गाळतात.

सोबत आलेलं ऑफिस आधी उघडून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. अशा ऑफरला मुदत असते. एकदा जोडलं की पुढे विंडोज नव्याने टाकलं तरी ते खात्यातून परत मिळतं. मग इंदूरच्या जेल रोड किंवा सिल्व्हर मॉलवरून दोन पेन ड्राइव्ह आणा: ३२ जीबीचा एक, आणि ८ किंवा १६ जीबीचा दुसरा. मोठ्यावर विंडोजचा ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवा, सिस्टिम फाइल्सच्या पर्यायावर खूण करून. यात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. बनला की त्यावर नाव लिहून तो बिलाबरोबर ठेवा.

आता एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ बरेचदा न विचारता डिस्क एन्क्रिप्ट करतं. अशा वेळी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि घरात घबराट उडते. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आत्ताच कागदावर उतरवा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करा. उलगडायला वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा, पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही.

त्याच बैठकीत कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

मिंट २२ मालिकेतलं सिनॅमन (मिंटचं नेहमीचं रूप) घ्या. ती २०२४ मध्ये आली, उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. ८ जीबी रॅमवर ती आरामात चालते. फाइल उतरल्यावर तिचा एसएचए २५६ चेकसम (फाइलची ओळख पटवणारा आकडा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. विंडोजमधली सर्टयुटिल (certutil) आज्ञा तो काढून देते. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे मध्येच अडकणारं इन्स्टॉलेशन एवढ्याने टळतं. मग रूफस हे मोफत साधन वापरून छोट्या पेन ड्राइव्हवर ती लिहा: पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय, आणि विचारलं तर आयएसओ मोड. सुरूच झालं नाही तर डीडी मोडने पुन्हा.

बूट मेन्यूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी) चालू करताना दाबायची कळ: डेल आणि लेनोव्होवर एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ १२, पण काही मॉडेलवर आधी एफ २ ने बायोसमध्ये जाऊन तो मेन्यू चालू करावा लागतो. सिक्युअर बूट (फक्त प्रमाणित सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालूच राहू द्या.

पेन ड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉलवर टिचकी मारू नका. आधी वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस पाहा, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का ते पाहा. स्वस्त लॅपटॉपमधल्या मीडियाटेक एमटी ७९०२ या वायफाय चिपला बराच काळ लिनक्स ड्रायव्हरच नव्हता. वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं आणि अपडेट करून पाहता येतं.

त्याच वेळी ‘डिस्क्स’ उघडा. एसएसडी दिसली तर बायोसला हात लावू नका. इंटेलच्या काही मशीनवर ती दिसत नाही, कारण बायोसमध्ये आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) चालू असतं. ते सरळ बंद केलं तर मिंटला डिस्क दिसते, पण विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन दाखवून थांबतं; सुरू होताना लागणारा दुसरा ड्रायव्हर त्याने जागा केलेला नसतो. उपाय असा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) उघडा, बूटमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं आणि तेवढ्यात योग्य ड्रायव्हर धरतं. मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या.

जागा विंडोजमधूनच काढा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने. तिथे ५१२ ऐवजी ४७६ जीबीच दिसेल. मोजायची पद्धत वेगळी आहे, चोरी झालेली नाही. आकडा एमबीमध्ये मागतात: १२० जीबीसाठी १२२८८०. एवढी जागा मिळत नसेल तर हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करा, त्यांच्या फाइल्स मध्येच ठाण मांडून बसतात. मोकळी झालेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ ठेवा. छोटी ईएफआय आणि रिकव्हरी पार्टिशनं अडगळ समजून उडवू नका.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेक्सवर (गाणी-व्हिडिओ चालवायला लागतात) खूण करा, आणि प्रकार विचारला की विंडोजसोबत टाकण्याचा पर्याय निवडा. त्याच पडद्यावर ‘इरेज डिस्क’ आहे, तो सगळं पुसतो. विंडोजचा पर्याय दिसलाच नाही तर पुढे जाऊ नका. एन्क्रिप्शन उतरायचं बाकी आहे किंवा डिस्क नीट वाचली गेलेली नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर इन्स्टॉल करताना तुम्ही ठरवलेला एक पासवर्ड पहिल्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून द्यावा लागतो. तो पडदा थोडाच वेळ थांबतो, चुकला तर ड्रायव्हर चालत नाही.

रीस्टार्टनंतर थेट विंडोजच उघडलं तर बायोसच्या बूट यादीत ‘उबुंटू’ वर आणा. मिंटची नोंद तिथे त्याच नावाने असते, म्हणून लोकांना ती सापडत नाही. आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलचा सेट-लोकल-आरटीसी पर्याय १ केला (timedatectl set-local-rtc 1) की दोघांचं जुळतं.

मराठीसाठी मिंटच्या ‘इनपुट मेथड’मधून आयबस हे टायपिंगचं साधन टाका; इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक या दोन्ही कळ-मांडण्या मिळतात. बहिणीचा सराव मात्र विंडोजवरच होऊ द्या. सीपीसीटीत हिंदी टायपिंग रेमिंग्टन गेल (जुन्या टाइपरायटरसारखी मांडणी) किंवा इन्स्क्रिप्टवर असतं. इन्स्क्रिप्ट दोन्हीकडे सारखंच आहे, पण रेमिंग्टनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत काही कळा इकडेतिकडे असतात, आणि परीक्षेच्या तोंडावर बोटांना दोन सवयी लावणं चुकीचं.

घरी प्रिंटर असेल तर त्याचं मॉडेल लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंटमध्ये लगेच चालतात. कॅनन एलबीपी २९०० असेल तर ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि तो बराच त्रास देतो. तोवर छपाई विंडोजमधूनच करा.