मऊ शिशाची गोळी किती वेग सोसते?

तुम्ही विचारलंय की जवळजवळ शुद्ध शिशाच्या ओतीव गोळ्या .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमधून किती वेगाने मारता येतील, आणि "८०० फुटांच्या वर शिसं वितळून नळीला चिकटतं" हे खरं का. नुसता आकडा हवा असेल तर घ्या: शुद्ध शिसं, साधा तळ आणि चांगलं वंगण असेल तर सेकंदाला ८०० ते ९०० फुटांपर्यंत सहसा त्रास होत नाही. पण तुम्हाला सांगितलेलं कारण चुकीचं आहे, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर्षणाने गोळी वितळत नाही. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, आणि गोळी नळीत असते फार तर एक-दोन हजारांश सेकंद. खरा चोर म्हणजे गळणारा वायू. गोळी आणि नळी यांच्यात केसभर फट राहिली तरी जळत्या दारूचा वायू तिथून पुढे घुसतो, गोळीची कड कापत जातो आणि ते शिसं पुढच्या आट्यांवर, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांवर, फवारतो. पुढची गोळी येऊन त्याच्यावर इस्त्री फिरवते. दहा-बारा फैरींत अचूकता गेलीच समजा.

म्हणून मी कठीणपणाच्या आधी माप विचारतो. माझ्या एका रिव्हॉल्व्हरने मला वर्षभर छळलं. गोळ्या ०.३५८ इंचाच्या आणि नळीच्या खाचांचं माप ०.३५७, म्हणजे कागदावर सगळं ठीक. तरी नळीच्या सुरुवातीलाच करडा थर बसायचा. मी मिश्रण कडक करत गेलो, थेट लायनोटाइपपर्यंत (छापखान्यातल्या खिळ्यांचं कडक शिसं-मिश्रण), आणि थर वाढतच गेला. शेवटी सिलिंडरमधल्या काडतुसांच्या घरांची पुढची तोंडं मोजली तर ती ०.३५६ निघाली. म्हणजे गोळी नळीत शिरायच्या आधीच चेपून बारीक होत होती. ती तोंडं जाणत्या कारागिराकडून ०.३५८ ला रुंद करून घेतली. मग तीच बंदूक, तीच पहिली मऊ गोळी, ९०० फूट, आणि नळी आरशासारखी.

कडक गोळीने थर का वाढला, हे समजून घ्या. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठीणपणा (धातू किती कडक हे सांगणारा आकडा) सुमारे ५, लायनोटाइपचा सुमारे २२. ब्रिनेलच्या आकड्याला १,४२२ ने गुणलं की शिसं किती दाबाला नमतं याचा ढोबळ अंदाज पौंड प्रति चौरस इंचात मिळतो: शुद्ध शिसं ७,१०० च्या आसपास, लायनोटाइप ३१,००० च्या वर. .३५७ च्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणाऱ्या .३८ स्पेशल या सौम्य काडतुसाचा कमाल दाबच १७,००० आहे. त्या दाबाला मऊ गोळीचा तळ फुगून फट बुजवतो, कडक गोळी हटून बसते. उलट .३५७ मॅग्नमच्या ३५,००० दाबाखाली शुद्ध शिसं पार बसकण मारतं: वंगणाच्या खाचा मिटतात, नाक एका बाजूला कलतं. १९३५ साली हे काडतूस आलं तेव्हा १५८ ग्रेनची शिशाची गोळी लांब नळीतून १,५०० फुटांच्या वर जायची, आणि नळीत शिसं भरण्याबद्दल ते बदनाम झालं ते याच पायी.

आता दुसरी बाजू. १८७३ च्या .४५-७० रायफलीत ४०५ ग्रेनची शिसं-कथलाची गोळी १,३५० फुटांच्या आसपास जायची आणि सैन्याचं काम भागायचं. तिथे आट्यांचा पीळ मंद होता, २२ इंचांत एक फेरा, म्हणजे मिनिटाला साधारण ४४,००० फेरे. तोच वेग १० इंची पिळाच्या आजच्या रायफलीत दिला तर फेरे होतात ९७,२००. मऊ शिसं आट्यांना धरून तेवढं वळू शकत नाही, सोलून निघतं. "किती फूट?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही ते म्हणूनच.

वर जायचंच असेल तर कथील-अँटिमनी घालून ११-१२ ब्रिनेलपर्यंत या आणि तळाला तांब्याची गॅस चेक, म्हणजे वायूपासून तळ वाचवणारी छोटी वाटी, लावा. १,२०० ते १,४०० फूट सहज पदरात पडतात. कागद गुंडाळलेली गोळी त्याहून पुढे जाते, पण तो वेगळा आणि चिकाटीचा धंदा आहे.

सुरुवात छापील लोड-पुस्तिकेतल्या दारूच्या सर्वात कमी मापापासून करा, आणि प्रत्येक पायरीला बंदूक रिकामी करून नळी उजेडात धरून बघा. थर नळीच्या सुरुवातीला असेल तर गोळीच्या मापाचा घोळ. नळीच्या तोंडाकडे असेल तर वंगण अर्ध्यात संपतंय. साफ करायला शुद्ध तांब्याची जाळी ब्रशला गुंडाळा. आधी तिला चुंबक लावून पाहा, चिकटली तर आत लोखंड आहे, ती वापरू नका. आणि "जॅकेटवाली गोळी मारली की शिसं निघून जातं" हा सल्ला मुळीच ऐकू नका, भरलेल्या नळीत दाब धोकादायक वाढतो.

सिलिंडरच्या सगळ्या घरांची तोंडं आणि नळीच्या खाचा मायक्रोमीटरने मोजा, एक-एक आकडा इथे टाका. मग तुमच्या बंदुकीपुरतं नेमकं बोलता येईल.