कुठे मोजलंस?

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. आयएल-२३ हे पेशींना संदेश देणारं प्रथिन; त्याच्या रिसेप्टरच्या, म्हणजे तो संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकातला आर३८१क्यू हा भेद असलेले आणि नसलेले असे रुग्णांचे गट केलेस, दोन्ही गटांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, आयएल-२३ मोजलंस, फरक दिसला नाही. म्हणून आता अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याच्या दाहाचा विषयच सोडायचा म्हणतेस.

अगं, पण फरक यावा का? या भेदात रिसेप्टरच्या ३८१व्या जागी आर्जिनीनऐवजी ग्लुटामीन बसतं. बदल झाला तो संदेश घेणाऱ्या पेशीत. संदेश किती सुटला याच्याशी त्याचा संबंध नाही. तोच संदेश मिळूनही अशा पेशीत स्टॅट३ हे संदेश पुढे नेणारं प्रथिन कमी जागं होतं, दाह वाढवणारं आयएल-१७ कमी बनतं, आणि माणसाला या आजारापासून थोडं संरक्षण मिळतं. २००७ साली या आजारात हा दुवा सापडला. त्याच्या वर्षभर आधी तो क्रोन्स या आतड्याच्या आजारात दिसला होता. पेशीच्या आतली गोष्ट तू पेशी काढून टाकलेल्या द्रवात शोधत बसलीस. कुठे मोजायचं, हे आधी विचारायला हवं होतं.

आणि किट कोणतं वापरलंस? पी४० हा आयएल-२३ आणि आयएल-१२ या दोघांतला सामाईक भाग मोजणारं असेल तर त्यात आयएल-१२ही आलं. हे मी सांगायला नको.

'कुठे' या शब्दावर मी उगाच अडून बसत नाही. आयएल-२३ अडवणारं रिसँकिझुमॅब हे औषध सोरायसिसच्या त्वचेवर उत्तम चालतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्याच्या रुग्णांना मात्र प्लासिबोपेक्षा जास्त काही मिळालं नाही. उलट आयएल-१७ए (आयएल-१७चाच एक प्रकार) अडवणारं सेक्युकिन्युमॅब मणक्याला चालतं, क्रोन्सच्या आतड्याला चालत नाही. जनुकांचा पुरावा तोच, सिग्नलची साखळी तीच, जागा बदलली की उत्तर बदलतं. २०१९मध्ये लीड्सच्या गटाने मणक्याच्या शस्त्रक्रियेत मिळालेली एन्थेसिसची ऊती तपासली, म्हणजे अस्थिबंध हाडाला जिथे धरतो ती जागा. तिथल्या काही गॅमा-डेल्टा टी पेशींत (या रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) आयएल-२३च्या रिसेप्टरचा आरएनए सापडतच नाही, तरी त्या आयएल-१७ए बनवतात. रक्तात कितीही मोजलं असतं तरी हे कळलं असतं का?

या आजाराशी नातं असलेल्या एचएलए-बी२७ या प्रथिनाचंही तेच. १९७३पासून ते आपल्याला माहीत आहे, पण त्याचे दोन प्रकार, बी२७:०५ आणि सार्डिनियातलं बी२७:०९, यांत फरक एकाच अमिनो आम्लाचा, ११६व्या जागी, आणि आजाराशी घट्ट नातं पहिल्याचंच. तिथेही विचारायचं तेच: कुठे?

मला हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. सीरमच्या आकड्यांवर झटपट निघणारे पेपर मी नाकारले, त्यापायी बढती अडली, त्याचं मला काही वाटत नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेतून ऊती जमवायचा प्रस्ताव मीही दिला होता. 'रक्त सोपं आहे, रक्तच घ्या,' असं उत्तर आलं. रक्त सोपं असतं हे मलाही कळत होतं. पण पहाटे तीनला रुग्णाला उठवतं ते दुखणं कण्याच्या तळाशी असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यातलं असतं. तो प्रकल्प झाला नाही, ही खंत जात नाही. माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

तू विषय बदलायचा नाहीस. तुझ्या मोजणीला मी चूक म्हणत नाही; तिने दिलेलं उत्तर तुझ्या प्रश्नाचं नाही, एवढंच. हा भेद युरोपीय लोकांतही कमी आढळतो, चीन-जपानमध्ये जवळजवळ नाहीच, तेव्हा तुझ्याकडे वाहक मोजकेच असणार. तेवढ्यांच्याच टी पेशी घे, आयएल-२३ देऊन फॉस्फो-स्टॅट३, म्हणजे जागं झालेलं स्टॅट३, फ्लो सायटोमेट्रीवर एकेका पेशीत मोजून बघ. रक्तातल्या का होईना, पेशी तरी असतील. ऊतींसाठी शल्यचिकित्सकांशी मी बोलतो.

गोठवलेल्या पेशी शिल्लक आहेत की सगळं सीरमच ठेवलंस, ते आज रात्रीच कळव.