तोंड वाकडे झाले, पण झटका मेंदूचा नाही

प्रश्न : सकाळी चूळ भरताना माझ्या वडिलांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले आणि डावा डोळाही मिटेना. अर्धांगवायूच असेल, असे समजून आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी भुवया उंचावायला सांगितल्या आणि पुढील तपासणीनंतर सातव्या मज्जातंतूला सूज आल्याचे निदान केले. भुवयांवरून हे कसे कळते? वडिलांना चव लागत नाही, भांड्यांचा आवाज सोसवत नाही. हेही त्यामुळेच का?

उत्तर : होय, हे सारे एकाच मज्जातंतूचे काम आहे. मेंदूपासून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याचे स्नायू हलवते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळतात. म्हणून एका अर्धगोलाला झटका आला, तरी गाल आणि ओठ लुळे पडतात, पण कपाळावर आठ्या पडू शकतात. मज्जातंतूच दुखावला, तर कपाळासह ती संपूर्ण बाजू निश्चल होते. मात्र या खुणेवर विसंबून कोणीही घरी थांबू नये, कारण मेंदूच्या देठातील झटक्यात कपाळही लुळे पडू शकते. आपण वेळ न दवडता रुग्णालय गाठले, हे योग्यच केले.

हा मज्जातंतू कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यातून जातो आणि तेथे सुजला की आवळला जातो. त्याचीच एक शाखा जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेते. दुसरी कानातील रिकिबीच्या आकाराच्या इवल्या हाडाला आवरणारा स्नायू चालवते. तो सैल पडल्यामुळे भांड्यांचा आवाज कानाला टोचतो. १८२१ मध्ये या मज्जातंतूचे कार्य मांडणारे स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून या आजाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती डोळ्याची. पापणी उघडणे हे तिसऱ्या मज्जातंतूचे काम आणि मिटणे सातव्याचे. त्यामुळे डोळा उघडतो, पण मिटत नाही, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडून त्यावर जखम होऊ शकते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत, रात्री मलम लावून पापणी अलगद चिकटपट्टीने मिटवावी. डोळा लाल झाला किंवा दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्यास त्यांचा लाभ अधिक होतो. वडिलांना मधुमेह असल्यास त्या काळात रक्तातील साखर वारंवार तपासावी लागेल. कानात पुरळ किंवा फोड दिसले, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तो नागिणीच्या विषाणूचा प्रादुर्भाव असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. काहींच्या बाबतीत तंतू पुन्हा वाढताना भलत्या स्नायूला जोडले जातात आणि हसताना डोळा आपोआप मिटतो. तीन महिन्यांनंतरही हालचाल परतली नाही, तर गाठीसारखे अन्य कारण नाही ना, हे पाहण्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी.