अर्धा डोस दिला तर रेझिस्टन्स कमी होतो का?

प्रश्न: आमच्या 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला पोटावर पुरळ उठलं म्हणून डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन दिवसातून दोनदा द्यायला सांगितलं होतं. अँटिबायोटिक जास्त झालं की जंतूंना सवय लागते असं वाचलं म्हणून आम्ही एकदाच देत होतो, कधी सकाळी कधी रात्री, आणि पाचव्या दिवशी पुरळ बसलं तसं बंद केलं. आता परत आलंय. 6 गोळ्या उरल्यात, त्या देऊ का? मांजरीला शिंका येतायत, तिलाही चालतील का?

उत्तर: नाही, दोघांनाही नका देऊ.

तुमचा हेतू चांगला होता, पण झालं नेमकं उलटं. जंतूंना सवय वगैरे लागत नाही हो. लाखो जंतूंमध्ये दोन-चार आधीपासूनच जरा तगडे असतात, औषध कमी पडलं की कमजोर मरतात, तगडे उरतात आणि मोकळ्या जागेत तेच वाढतात, मग औषध लागू पडत नाही, यालाच रेझिस्टन्स म्हणतात. त्यात सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं वेळेवर चालणारी, म्हणजे रक्तात त्यांची पातळी दिवसाचा बराच वेळ एका मर्यादेच्या वर राहावी लागते, आणि कुत्र्याच्या शरीरातून ती काही तासांतच लघवीवाटे निघून जातात. म्हणून किलोमागे साधारण 22 ते 30 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी. एकदाच दिलं की उरलेला बराचसा दिवस जंतूंना मोकळं रान. एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं गणित वेगळं, तिथे एकदम मोठी पातळी गाठणं महत्त्वाचं, म्हणून ते दिवसातून एकदाच देतात. पण तेच मांजरीला किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊन आंधळेपण येऊ शकतं, त्यामुळे कुत्र्याचं औषध मांजरीला हा प्रकार कधीच नको. तसंही मांजरींच्या शिंका बहुतेक वेळा व्हायरसने येतात, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. डोळे-नाक घट्ट चिकटत असेल किंवा खाणं सोडलं असेल तर मात्र दाखवाच.

मला मनापासून वाटतं की काटकसर करायचीच तर दिवसांत करावी, डोसात नको. प्रत्येक गोळीबरोबर आतड्यातल्या जंतूंवरही मारा होतो आणि तिथेही तगडे निवडले जातात, म्हणून विनाकारण लांबवलेला कोर्सही वाईटच. कुत्र्याच्या साध्या लघवीच्या इन्फेक्शनला पूर्वी आम्ही डॉक्टरही आठवडा-दोन आठवडे सहज लिहायचो, आता 3 ते 5 दिवस पुरतात असं मानलं जातं. पण किती दिवस हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं, पुरळ बसलं म्हणून आपण घरी नाही.

आता डॉक्टरांकडे जा आणि एकदाच देत होतो हे स्पष्ट सांगा, नाहीतर औषधच लागू पडलं नाही असं समजून ते आणखी स्ट्राँग काहीतरी लिहितील. पुरळ वरवरचं असेल तर क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, फेस 10 मिनिटं अंगावर ठेवून, एवढ्यावरही भागू शकतं आणि गोळीच लागत नाही. त्वचेवरच्या स्टॅफिलोकोकस या जंतूमध्ये रेझिस्टंट जातीही असतात, म्हणून पुन्हा गोळी द्यायची वेळ आली तर आधी कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं याची तपासणी, करून घ्या. सारखं सारखं होत असेल तर मुळाशी अ‍ॅलर्जी, पिसवा किंवा थायरॉइड आहे का तेही बघायला सांगा. आणि वजन त्याच दिवशी काट्यावर करा, अंदाजे नको, लॅब्रॅडॉर भराभर जाड होतात आणि जुन्या वजनावरचा डोस कमी पडतो.

उरलेल्या 6 गोळ्या क्लिनिकमध्ये परत द्या, बेसिनमध्ये टाकू नका.