वाचक विचारतात: एका दिवसात मुंबईत काय खावं?

प्रश्न: जुलैत एका दिवसासाठी मुंबईला जातोय. वडापाव, भेळ आणि तळलेले बोंबील खायचेच आहेत. काय सांभाळावं?

उत्तर: बोंबील मनातून काढा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटात बहुधा बर्फातला माल येतो. बोंबलात पाणी फार. पोटातून उघडून, काटा काढून तो पाट्याखाली दाबून ठेवायचा, मग मीठ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवायचा. दाबण्यात घाई केली की कढईत गेल्यावर पाणी सुटतं, रवा निघून जातो आणि उरतो नुसता लगदा. पुढच्या वेळी नोव्हेंबरात या.

वडापावाच्या गाडीवर आधी कढईकडे बघा. परातीत वडे रचून ठेवलेले असतील तर नवा घाणा निघेपर्यंत थांबा. लसणाची सुकी चटणी जास्त मागा, ओली बेतानं, पाव भिजतो. बांधून मात्र घेऊ नका, वाफेनं वड्याचं कवच मऊ पडतं.

भेळेचंही तेच. कालवल्यापासून पाचेक मिनिटांत संपवायची, नाहीतर कुरमुरे चामट होतात. पावसाळी हवेत ते आधीच सादळलेले असतात, म्हणून चार दाणे तोंडात टाकून बघा आणि मगच सांगा. उघड्यावरची पाणीपुरी या दिवसांत नकोच.

सकाळी इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव. पावाचा वरचा पापुद्रा कडक असतो, चहात बुडवूनच खातात.